गोळ्या सहा महिने, प्रोबेशनही सहा महिने

सिस्टरना विचारा

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी २४ वर्षांची, मूळची औसा तालुक्यातली. जूनपासून चाकणला वायरिंग हार्नेसच्या कंपनीत लाइनवर आहे. पहिलीच नोकरी, सहा महिने प्रोबेशन. ऑगस्टमध्ये मानेला उजव्या बाजूला गाठ आली. सुई घालून तपासली तर टीबी निघाला. छातीचा एक्स-रे चांगला आहे. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू होऊन तीन आठवडे झाले. मळमळतं, लघवी केशरी होते, आणि पहिल्या शिफ्टची बस पावणेसहाला असते. तपासण्यांपायी चार दिवस बिनपगारी गेले. सुपरवायझर सारखे विचारतात, "तुला होतं तरी काय?" रूमवरच्या एका मुलीने माझा स्टीलचा ग्लास वेगळा काढून ठेवलाय. कंपनीत सांगितलं तर काढतील का? की परमनंट होईपर्यंत गोळ्या थांबवू?
— एक वाचक, चाकण

उत्तर : अगं, शेवटचा प्रश्न आधी घेते. थांबवायच्या नाहीत. एक दिवससुद्धा नाही.

हा उद्योग मी स्वतः करून बसले आहे. १९८८ साली भोसरीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले आणि तिसऱ्या महिन्यात खोकला सुरू झाला. माझा टीबी फुप्फुसाचा. कोणाला सांगितलं नाही. गोळ्या पावडरच्या डब्यात ठेवायचे. पांढऱ्या युनिफॉर्मला काखेत केशरी डाग पडायचे, ते रात्री लिंबू लावून घासायचे. दोन महिन्यांत खोकला गेला, अंगावर मांस चढलं, डबल ड्यूट्या लागल्या आणि गोळ्या सुटल्या. पुढे थुंकीतून रक्त पडलं. सगळा कोर्स पहिल्यापासून, वर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं. नोकरी गेली ती टीबीमुळे नाही, न कळवता घरी पडून राहिल्यामुळे. आणि ड्रेसिंग करताना मी किती जणांच्या तोंडासमोर खोकले असेन, ते आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

तुझं प्रकरण त्या मानाने बरं आहे. मानेतल्या गाठीच्या टीबीला जुनी माणसं गंडमाळ म्हणायची. छाती स्वच्छ असेल तर तो तुझ्यापासून कोणाला लागत नाही. फुप्फुसाचा टीबीसुद्धा हवेतून पसरतो, ग्लासातून नाही. हे त्या मुलीला सांग आणि ग्लास परत जागेवर ठेव.

केशरी लघवी ही तुझ्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाची खूण. घाबरायचं नाही. मळमळीसाठी मनाने अँटासिड घेऊ नकोस, काही अँटासिडांमुळे ही औषधं अंगी कमी लागतात. गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या असतात, पण फारच उलटून येत असेल तर थोडं खाऊन घेऊ का, हे टीबी केंद्रात विचार. आणखी एक : उपचार चालू असताना गाठ मध्येच मोठी होऊ शकते, शेजारी दुसरीही येते. औषध लागू पडत नाही असा त्याचा अर्थ नेहमीच नसतो. डॉक्टरांना दाखव, गोळ्या चालू ठेव.

आता तुझ्या कामाशी जोडलेली गोष्ट. तुझ्या गोळ्यांत इथॅम्ब्युटॉल असतं. ते क्वचित डोळ्याच्या नसेला त्रास देतं, आणि त्यात लाल-हिरव्यातला फरक पुसट होऊ शकतो. तू तर दिवसभर रंगीत वायरीच बोर्डवर बसवतेस! म्हणून दर सोमवारी लाइन सुरू व्हायच्या आधी एकेक डोळा झाकून लाल आणि हिरवी वायर बघ. रंग फिका वाटला, अंधुक दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ, वेळेत लक्षात आलं तर नजर बहुधा सुधारते. डोळे पिवळे झाले, अन्नावरची वासना उडाली, तरीही तसंच.

कंपनीत सांगायचं का? सांग, पण लाइनभर नको. एचआरमधल्या एकाच माणसाला, लेखी. प्रोबेशनवरच्या माणसाला काढणं कंपनीला सोपं असतं, त्यामुळे खोटा दिलासा देत नाही. पण सुपरवायझरच्या डोक्यात आत्ता जे बसतंय ते "ही मुलगी दांड्या मारते" हे आहे, आणि ते टीबीपेक्षा वाईट. डॉक्टरांकडून चिठ्ठी घे : उपचार चालू आहेत, संसर्गाचा धोका नाही, कामाला योग्य. अर्जात दोनच गोष्टी माग. पहिले दोन महिने चार औषधांचे असतात, तेवढा काळ रात्रपाळी नको, जनरल शिफ्ट द्या. आणि महिन्यातून एक दिवस दवाखान्यासाठी. तो दिवस आधीच तारीख घालून कळव. रुजू होतानाच्या फॉर्मवर "आजार नाही" लिहिलं असशील तर ते खोटं नव्हतं, निदान नंतरचं आहे. केसपेपर जपून ठेव.

पगाराची स्लिप काढून बघ. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात दिसेल. साडेअठरा हजारांवर ती १३९ रुपये होते. म्हणजे उपचार पहिल्या दिवसापासून तुझ्या हक्काचे. आजारपणाच्या रजेचे पैसे मात्र पहिल्या नोकरीत सुमारे नऊ महिन्यांनी लागू होतात, म्हणून रजा जपून वापर. टीबीच्या रुग्णांच्या आहारासाठी सरकारची निक्षय पोषण योजना आहे, तिच्यातून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये खात्यात जमा होतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते ५०० होते. तुझं नाव आणि बँक खातं नोंदवलंय का, हे केंद्रात विचार. नाही म्हणाले तर १८००-११-६६६६ वर फोन कर, पैसे लागत नाहीत. ते पैसे अंडी, शेंगदाणे, डाळीवर खर्च कर, नाहीतर रूमच्या भाड्यात जातील.

दिवाळीला औशाला जाशील, तेव्हा सुट्टीपेक्षा आठवडाभराच्या जास्त गोळ्या मागून घे. परतीच्या गाडीचं काही सांगता येत नाही.