वाचकांचे प्रश्न : मेटल ऐकणाऱ्यांनी फ्युजन कुठून सुरू करावं?

प्रश्न : मी मेशुगा, डेथ, सिनिक हे मेटल बँड ऐकतो. ‘जॅझ फ्युजन (जॅझ आणि रॉकचं मिश्रण) ऐक’ असं बरेच जण सांगतात, म्हणून माइल्स डेव्हिसचा ‘बिचेस ब्रू’ लावला. रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) हाती लागेना, पहिली बाजू संपायच्या आत बंद केला. मेटलवाल्याला यातून नेमकं काय मिळतं? (एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : तुम्ही सुरुवात अवघड टोकाकडून केलीत. १९७० चा ‘बिचेस ब्रू’ म्हणजे मोकळ्या वादनाचे लांब तुकडे, निर्माता टिओ मासेरोनं कापून-जोडून उभे केलेले. तो शेवटी ऐका. आधी ड्रमर बिली कोबमच्या ‘स्पेक्ट्रम’ अल्बममधलं (१९७३) ‘क्वाड्रंट फोर’ लावा. डबल बेसवर (दोन्ही पायांनी वाजवायचे बेस ड्रम) सुसाट शफल, म्हणजे झुलती लय, आणि त्यावर टॉमी बोलिनची तापलेली गिटार. हाच बोलिन १९७५ मध्ये डीप पर्पल या रॉक बँडमध्ये गेला. त्यानंतर कोबम ज्यात ड्रम वाजवायचा त्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडचे ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ (१९७१) आणि ‘बर्ड्स ऑफ फायर’ (१९७३).

आता मिळतं काय? गुंतागुंत तुम्हाला नवी नाही, त्यासाठी फ्युजनकडे जायची गरजच नाही. मेटलमध्ये रिफ ठरलेला असतो आणि तो दरवेळी तसाच नेमका पडण्यात त्याची ताकद असते. फ्युजनमध्ये वाजवणारे त्या क्षणी एकमेकांना उत्तर देत असतात. हे उत्तर ऐकू यायला लागलं की कान बदलतो, आमच्या मते खरी कमाई तीच. त्यासाठी एक पक्का धडा आहे. महाविष्णूच्या ‘ड्रीम’ची दोन रूपं मिळतात. एक ‘बिट्वीन नथिंगनेस अँड इटर्निटी’ या १९७३ च्या लाइव्ह अल्बमवर, दुसरं त्याच वर्षी स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेलं पण १९९९ मध्ये ‘द लॉस्ट ट्रायडंट सेशन्स’मधून बाहेर आलेलं. आधी स्टुडिओतलं ऐकून चाल डोक्यात बसवा. मग लाइव्ह लावा, ते जवळजवळ दुप्पट लांब आहे. पहिल्या खेपेला फक्त स्नेअर ड्रमकडे लक्ष द्या, गिटारचं वाक्य संपताना कोबम काय करतो ते पाहा. दुसऱ्या खेपेला फक्त यान हॅमरचा कीबोर्ड. दोन्ही एकदम धरायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही.

एक अडचण बहुतेकांना येते : ‘आवाज पातळ वाटतो.’ आजच्या मेटलचं मास्टरिंग (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) दाबून एकसारखं मोठं केलेलं असतं, सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डिंगमध्ये हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर राखलेलं असतं. फोनमधला बेस बूस्ट बंद करा, आवाज थोडा वाढवा आणि हेडफोन लावा. फोनच्या स्पीकरवर महाविष्णूच्या रिक लेअर्डचा बेस जवळपास नाहीसा होतो.

मग डेथचा ‘ह्यूमन’ (१९९१) आणि सिनिकचा ‘फोकस’ (१९९३) पुन्हा लावा. दोन्हींवर ड्रमला शॉन राइनर्टच आहे. त्याची राइड सिंबल (लय धरणारी मोठी झांज) आता वेगळी ऐकू येईल.

प्रश्न : मेशुगाची चक्रं मोजताना माझी सम हरवते. बहीण तबला शिकते, ती म्हणते बोलांनी मोज. जमेल का? (एक वाचक, पंचवटी)

उत्तर : जमेल, बहिणीलाच सोबत घ्या. फक्त फरक लक्षात ठेवा. तबल्याचा ठेका आवर्तन स्वतःच दाखवतो. मेशुगात सिंबल सरळ चार मात्रांचा हिशोब ठेवते आणि गिटार व बेस ड्रम त्यावरून निराळं चक्र फिरवतात.

त्यांच्या ‘रॅशनल गेझ’ या गाण्याच्या (२००२) सुरुवातीच्या रिफमध्ये मात्रेचे चार भाग केले, तर चक्र २५ भागांचं आहे. ते पाचदा येतं, म्हणजे १२५. वर ३ जोडले की १२८, म्हणजे बरोबर ३२ मात्रा, चार-चारचे आठ बार.

हे तोंडानं करा. ‘तदिगिनतोम’ ही पाच अक्षरं, ‘तकिट’ ही तीन. टाळी दर चार अक्षरांनी, मेट्रोनोम ५० वर. आधी चारच ‘तदिगिनतोम’ पाच टाळ्यांत बसवा, पाचव्या शब्दाचा ‘त’ पुन्हा टाळीवर येतो. हे सहज झाल्यावर पंचवीस वेळा ‘तदिगिनतोम’ आणि शेवटी एक ‘तकिट’. बत्तिसावी टाळी शेवटच्या ‘तोम’वर पडली तर हिशोब बरोबर, ‘तकिट’नंतर सम. चूक बहुधा एकच होते : टाळी प्रत्येक शब्दाच्या ‘त’कडे ओढली जाते. तसं झालं तर बोल बहिणीला द्या, टाळी तुम्ही धरा. रिफमधले आघात पाच-पाचचे नाहीत, ही मोजणी फक्त चक्राची लांबी पकडण्यासाठी.

हेच बोल ‘बर्ड्स ऑफ फायर’च्या गिटारला लावा. तिथे आवर्तन १८ चं : तीनदा ‘तदिगिनतोम’, एकदा ‘तकिट’. पुढे ‘शक्ती’ हा बँड ऐका. महाविष्णूचाच गिटारवादक जॉन मॅकलॉफलिन याच्यासोबत झाकीर हुसेन आणि विक्कू विनायकराम यांचा तबला-घटम आहे, बहीणही उठणार नाही.

प्रश्न : फ्युजनचे कॉर्ड माझ्या मेटल टोनवर वाजवले की चिखल होतो. (एक गिटारवादक, सिडको)

उत्तर : डिस्टॉर्शन (मेटलचा करकरीत आवाज देणारा परिणाम) दोन स्वरांच्या कंपनांतला फरकही ऐकवतं. ११० आणि १६५ हर्ट्झचा पॉवर कॉर्ड (मूळ स्वर आणि त्याचा पाचवा) घेतला तर फरक ५५, म्हणजे मूळ स्वरच एक सप्तक खाली. म्हणून तो भरदार लागतो. तिसरा आणि सातवा स्वर मिसळले की असे फरक अनेक होतात आणि एकमेकांशी जुळत नाहीत.

गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) सातवरून तीनवर आणा, मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) वाढवा. कॉर्डमधून पाचवा स्वर काढून टाका. सी मेजर सेव्हन असा धरा : पाचवी तार तिसरा फ्रेट, तिसरी तार चौथा, दुसरी तार पाचवा. मधली चौथी तार बोटाच्या टोकानं दाबून गप्प करा. खालच्या तारांवर तिसरा स्वर घेऊ नका, ट्यूनिंग उतरवलेलं असेल तर मुळीच नाही.

फ्युजन गिटारवादक ॲलन होल्ड्सवर्थसारखं लेगाटो (स्वर न तोडता जोडून वाजवणं) करायचं असेल तर नॉइज गेट बंद ठेवा, तो स्वरांच्या शेपट्या कापतो. सराव क्लीन टोनवर, ६० च्या लयीत, प्रत्येक तारेवर तीन स्वर आणि पिक फक्त पहिल्याला. उतरताना बोट बाजूला ओढू नका, सरळ वर उचला. जास्त गेनवर कच्चा हॅमर-ऑन (पिक न मारता बोट आपटून काढलेला स्वर) झाकला जातो, म्हणून क्लीन.

प्रश्न : पथकात ताशा वाजवतो, घरी इलेक्ट्रॉनिक किटवर डबल बेस. फ्युजन ड्रमिंगमध्ये काय उचलू? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : घोस्ट नोट्स, म्हणजे मुख्य आघातांमधले अगदी हलके स्ट्रोक. ताशामुळे बोटं तयार आहेत, हलकं मारायची सवय नाही. आघाताला काठी आठ इंचांवरून, घोस्टला एका इंचावरून. किटची सेन्सिटिव्हिटी वाढवा आणि थ्रेशोल्ड उतरवा, नाहीतर हलके स्ट्रोक पॅडला कळतच नाहीत. मेट्रोनोम ७० वर, पण तो दुसरी आणि चौथी मात्रा समजून वाजवा. बेस ड्रमला आठवडाभर एकच पाय वापरा.