‘सगळ्यांनी लक्ष ठेवा’ असं लिहू नकोस

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद. तू वॉर्डची इन्चार्ज झालीस हे वाचून फार आनंद झाला, आणि पत्राचा शेवट वाचून काळजीही वाटली. पेशंटला सीटी स्कॅनला नेताना वाटेतच सिलिंडर संपला. सिस्टर म्हणाल्या वॉर्डबॉय मामांनी बघितला असेल, मामा म्हणाले ते सिस्टर बघतात. पेशंट सुखरूप आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण त्यानंतर तू फळ्यावर लिहिलंस ना, ‘ऑक्सिजनवर सगळ्यांनी लक्ष ठेवावे’, ते आजच पूस. बारभाईंची शेती, काय लागेल हाती!

त्याऐवजी काम फोडून बघ. ड्युटीवर आल्याआल्या सिलिंडरचं गेज, म्हणजे दाबाचा काटा, बघून वहीत आकडा लिहायचा, हे इमर्जन्सी ट्रॉली जिच्याकडे असेल त्या सिस्टरचं. रिकामा सिलिंडर बदलून आणायचा, हे मामांचं. आणि पेशंट हलवताना सोबत जाणारी सिस्टर निघण्याआधी स्वतः गेज बघणार. वहीत बरोबरची खूण चालवून घेऊ नकोस. खूण न बघताही मारता येते, आकडा लिहायचा तर गेजपाशी जावंच लागतं. इन्सुलिनच्या फ्रिजचंही तसंच. ‘ठीक’ लिहिलेलं मला पुरत नाही, २ ते ८ अंशांच्या मधला नेमका आकडा हवा.

तुमच्याकडे अजून एक सिस्टर सगळी इंजेक्शनं देते, दुसरी ड्रेसिंग करते, तिसरी फायली लिहिते, असं दिसतं. माणसं कमी असली की ही पद्धत सोपी वाटते. मला ती पटत नाही. डॉक्टरांनी राउंडला विचारलं, ‘सहा नंबरच्या आजोबांना सकाळपासून लघवी किती झाली?’ तर तिघी एकमेकींकडे बघतात. बेड वाटून दे आणि ज्या त्या दिवशी फळ्यावर नाव लिही. नातेवाइकांनाही कळू दे की आज आपली सिस्टर कोण आहे. ट्रॉली, फ्रिज, कपाटाच्या किल्ल्या ही सामायिक कामं मात्र ड्युटीतल्या जागेला जोडून ठेव, म्हणजे कुणाची सुट्टी आली तरी ती लोंबकळत राहणार नाहीत.

आता तू विचारशील, मग हेपॅरिन किंवा पोटॅशियम क्लोराइडसारखं जोखमीचं औषध देताना आपण दोघी का लागतो? तिथे दोघींची कामं वेगळी असतात म्हणून. एक डोस काढते. दुसरीने ऑर्डर स्वतः वाचून, हिशेब स्वतः करून, मग सिरिंज बघायची. पहिलीने ‘हे बघ गं, दोन मिली बरोबर ना?’ असं विचारलं आणि दुसरीने मान डोलावली, तर सह्या दोन झाल्या, तपासणी एकही झाली नाही. हे नव्या मुलींना शांतपणे, पुन्हा पुन्हा दाखव.

सगळ्यात जास्त तयारी हवी ती पेशंट अचानक कोसळतो तेव्हाची. त्या क्षणी सगळे धावतात, चौघे श्वास द्यायच्या अँबू बॅगकडे हात नेतात आणि वेळ कुणी लिहीत नाही. म्हणून ड्युटी सुरू होतानाच ठरवून टाक: छाती कोण दाबणार, श्वास कोण देणार, औषध कोण भरणार, घड्याळाकडे बघून कोण लिहिणार. छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाबायची असते. दोन मिनिटांत माणूस दमतो, म्हणून बदली येणारीचं नावही आधीच ठरलेलं असावं. सूत्रं जिच्या हातात आहेत तिने, माणसं पुरेशी असतील तर, कशालाही हात न लावता पलंगाच्या पायथ्याशी उभं राहावं. आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचे निवासी डॉक्टर, आले की ‘आता सर लीड करतायत’ हे मोठ्याने म्हणायचं. ‘ॲड्रेनालिन द्या’ असं हवेत सांगायचं नाही. नाव घेऊन सांगायचं, आणि तिने ‘एक मिलिग्रॅम दिलं’ असं उलट सांगायचं. ऐकायला कृत्रिम वाटेल, सरावाने अंगवळणी पडतं.

ऑपरेशन थिएटरमध्ये हे जगभर मानलं गेलंय. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. चिरा देण्याआधी प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, हा त्यातला एक मुद्दा. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. श्रेय एकट्या नाव सांगण्याचं नाही, पण मला तो मुद्दा फार मोलाचा वाटतो. ज्या ज्युनिअरने सुरुवातीला सर्वांसमोर तोंड उघडलं, तिला नंतर ‘सर, एक मॉप कमी आहे’ (रक्त टिपायचं कापड मोजणीत कमी भरतंय) म्हणायला धीर येतो.

आणि हे विसरू नकोस: काम दिलंस तर अधिकारही दे. ट्रॉली जिची आहे तिला लॅरिंगोस्कोपचे (घशात बघायच्या दिव्याच्या उपकरणाचे) सेल मागवायला तुझी सही लागत असेल, तर तू सुट्टीवर असताना त्याचा दिवा पेटणारच नाही. स्टोअरला तिच्या सहीचा नमुना देऊन ठेव. मावश्यांना आणि मामांनाही त्यांचं काम नीट समजावून सांग, ओरडून नको. त्यांच्या नावावर आपण किती कामं गृहीत धरून सोडतो, हे एकदा त्यांच्याजवळ बसून विचार.

ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट सोपवणं, पलंगापाशीच दे-घे, काउंटरवर नको. वहीत घेणारीची सही होईपर्यंत पेशंट देणारीचा. सकाळी आठच्या आसपासचा तो अर्धा तास फार निसरडा असतो, तेवढ्या वेळात तू स्वतः वॉर्डात फिरत राहा.

हे सगळं एकदम सुरू करू नकोस. या आठवड्यात ऑक्सिजन आणि ट्रॉली, एवढंच घे. वही कशी आखायची ते मेट्रन मॅडमना आधी दाखव, म्हणजे बाकीच्या वॉर्डांशी मेळ राहील. आणि त्या रात्रीच्या सिस्टरला दिलेला मेमो शक्य असेल तर परत घे. ते काम तिचं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुझी,
सिस्टर