‘सर्वांना मिळाले नाही’ म्हणजे नेमके कोणाला?

तुम्ही विचारले आहे की, बोलण्यातल्या भाषेचा अर्थ तर्कशास्त्राच्या सूत्रांत मांडतात असे वाचनात आले, पण भाषा म्हणजे काही गणित नव्हे. मग हे जमते कसे, आणि मराठीला त्याचा उपयोग काय? मी यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्याकडच्याच एका वाक्यापासून सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी गावातील एका कार्यालयाच्या फलकावर खडूने लिहिले होते, ‘सर्व शेतकऱ्यांच्या खात्यात अनुदान जमा झालेले नाही.’ माझ्या काकांनी ते वाचले, ‘साऱ्याइले पैसे भेटले नाई’ असे घरी येऊन सांगितले आणि पंधरा दिवस ते बँकेकडे फिरकलेच नाहीत. त्यांचे पैसे मात्र आधीच जमा झालेले होते, आणि इकडे ऐन वेचणीत मजुरी चुकवायला त्यांना उसनवारी करावी लागली. लिहिणाऱ्याला ‘काहींचे बाकी आहे’ असे म्हणायचे होते, काकांनी ‘कोणाचेच झाले नाही’ असा अर्थ घेतला, आणि मराठीच्या व्याकरणाने दोघेही बरोबर होते.

तर्कशास्त्र इथे फार साधी गोष्ट करते: वाक्य कोणत्या परिस्थितीत खरे ठरेल, एवढेच विचारते. समजा गावात तीनच खातेदार आहेत, दोघांना मिळाले आणि एकाला नाही. शब्दाचा अंमल वाक्याच्या जेवढ्या भागावर चालतो, ती त्याची कक्षा. ‘नाही’ची कक्षा ‘सर्व’पेक्षा मोठी धरली (‘सर्वांना मिळाले, असे नाही’), तर वाक्य खरे, ‘सर्व’ची कक्षा मोठी धरली (‘सर्वांच्या बाबतीत मिळालेले नाही’), तर तेच वाक्य खोटे. शब्द तेच, क्रमही तोच, पण रचना दोन. ‘प्रत्येक’ आणि ‘एखादा’ यांसारख्या शब्दांचा अर्थ वाक्याच्या रचनेतून पायरीपायरीने कसा उभा राहतो, हे तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड माँटेग्यू यांनी इंग्रजीच्या एका मर्यादित भागासाठी काटेकोरपणे दाखवले. त्यांचा तो गाजलेला निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे भाषाशास्त्रज्ञ बार्बरा पार्टी यांनी हा विचार आपल्या क्षेत्रात रुजवला.

मला स्वतःला ज्याने या विषयाची गोडी लागली, तो शब्द मात्र ‘एकही’. ‘आज एकही बोंड फुटले नाही’ असे आपण म्हणतो. ‘आज एकही बोंड फुटले’ असे कोणी म्हणत नाही. विद्यार्थ्याने कारण विचारले की ‘तशी रूढी आहे’ असे मी पूर्वी सांगत असे. भाषाशास्त्रज्ञ उत्पल लाहिरी यांनी १९९८ मध्ये हिंदीतील अशाच शब्दांवर जे विवेचन केले, ते मराठीलाही लागू पडते असे मला वाटते. ‘ही’ हा प्रत्यय सुचवतो की बोलली जाणारी गोष्ट इतर पर्यायांपेक्षा कमी अपेक्षित आहे. पण दहा बोंडे फुटली असतील तर एक फुटलेच असणार, म्हणजे ‘एक फुटले’ हे सगळ्यांत सहज खरे ठरणारे विधान, आणि जे सर्वांत सहज घडते तेच सर्वांत अनपेक्षित कसे असेल? म्हणून वाक्य अडते. ‘नाही’ आले की सारे उलटते: ‘एक फुटले नाही’ यात दोन, पाच, दहा फुटली नाहीत हे सगळे येते, तेच सर्वांत ठाम विधान होते आणि ‘ही’ तिथे चपखल बसतो.

यावरून ‘एकही’ला नकारच लागतो असे समजू नका. ‘एकही बोंड किडके निघाले तर सांगा’ हे वाक्य निर्दोष आहे, आणि त्यात ‘नाही’ कुठेच नाही. ‘तर’च्या आधीच्या भागातही विधानांची ही उलटापालट होते, कारण ‘एक निघाले तर सांगा’ यात ‘दोन निघाली तर सांगा’ हे आलेच. रूढी म्हणून सोडून दिले असते, तर या दोन वाक्यांतले नाते मला कधी दिसलेच नसते.

सूत्रांत सगळे मावत नाही, हे खरे आहे. पारावर कोणी ‘जेवण झालं का?’ असे विचारतो, त्यातली आपुलकी खरे-खोटेपणाच्या अटींत सापडणार नाही. तिला वेगळी साधने लागतात.

सुरुवात करायची तर आधी विधेय तर्कशास्त्राची, म्हणजे ‘सर्व’, ‘काही’, ‘नाही’ अशा शब्दांचा अर्थ सूत्रांत मांडणाऱ्या तर्कशास्त्राची, ओळख करून घ्या आणि मग मराठी वाक्ये स्वतः तपासा. एक उदाहरण देऊन ठेवतो: ‘कोणीही आले नाही’ चालते आणि ‘कोणीही येऊ शकते’ हेही चालते, पण ‘काल कोणीही आले’ चालत नाही. ‘शकते’ने तिथे काय केले, हे आधी ‘एकही’च्या वाटेने शोधून पाहा, ती वाट कुठे अपुरी पडते ते कळवलेत, तर पुढचे सविस्तर लिहीन.