नागदेवतेने 'कात टाकली' कशी?

नाशिकच्या एका कॉलेजातल्या मुलांनी विचारलं आहे: त्यांच्या एकांकिकेत नागलोकीचा देव गोदाकाठच्या कुंभाराच्या मुलीवर जीव जडवतो आणि तिच्यासाठी माणूस होतो. पत्रकावर 'नागदेवता प्रेमासाठी कात टाकून मर्त्य झाला' असं छापायचंय. 'झाला' की 'झाली'?

'झाली'. देवता हा शब्द स्त्रीलिंगी, मग रूप पुरुषाचं का असेना. ग्रामदेवता भैरोबा असला तरी आपण 'ग्रामदेवता कोपली' असंच म्हणतो. फारच खटकत असेल तर 'नागदेव मर्त्य झाला' लिहा.

पण मुलांनो, 'कात टाकून' कशाला? हा वाक्प्रचार हल्ली जिथे तिथे चिकटवतात. सिंहस्थ जवळ आला की रस्ते कात टाकतात, घाट कात टाकतात. तिथे निदान जुनं जाऊन नवं आल्याचा अर्थ शाबूत असतो. तुमच्या वाक्यात तो पार उलटा झालाय.

विड्यातला कात बाजूला ठेवू. तो पुल्लिंगी, मूळ 'क्वाथ', म्हणजे काढ्याचा सख्खा भाऊ. सापाची कात स्त्रीलिंगी आणि तिचं मूळ 'कृत्ति', म्हणजे चामडं. प्राकृतात 'कत्ति', मराठीत 'कात'. 'कातडं' त्याच घरातलं. चर्म पांघरणारा शंकर तो 'कृत्तिवास'. धातू 'कृत्', कापणे. आपली कात्रीही याच धातूची. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक, असं अभिमानानं सांगणाऱ्या गावाला तरी हा धातू पाठ हवा!

काही जण 'कात' ही 'कंचुका'पासून ओढून आणतात. सापाच्या कातीला संस्कृतात कंचुक म्हणतात, हे खरं. पण अर्थ जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. कंचुकाच्या कुळातून मराठीत काचोळी आली, तिच्यातला 'च' अजून जागेवर आहे. 'कात'मधला 'त' मग कुठून आला? याचं उत्तर त्यांनी आधी द्यावं.

आता खरी गंमत. पंचविंश ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सर्पांच्या सत्राची, म्हणजे दीर्घ यज्ञाची, कथा आहे. त्या सत्रानं सर्पांनी मृत्यू जिंकला, म्हणूनच ते जुनी त्वचा टाकून पुढे सरकतात, असं तिथे म्हटलंय. बृहदारण्यक उपनिषदात तर वारुळावर पडलेल्या कातीला थेट मृत शरीराची उपमा दिली आहे: मागे पडतं ते शरीर, सुटतो तो अमृत. म्हणजे कात टाकणं ही मृत्यूवर मात केल्याची खूण! आणि तुमचा नाग निघालाय मरण पत्करायला. तो कात टाकत नाहीये, अंगावर चढवतोय.

शेष लक्ष्मण होऊन आला, रामामागोमाग पंचवटीत राहिला. त्याच्याबद्दल 'कात टाकली' असं कुणी म्हणत नाही. अवतार घेतला म्हणतात, देह धरला म्हणतात. तेच क्रियापद घ्या: 'नागदेवतेने प्रेमासाठी मर्त्य देह धरला.' इथे क्रियापद देहाच्या मागे जातं, त्यामुळे झाला-झालीचा पेचही उरत नाही.

कात हवीच असेल तर शेवटच्या प्रवेशासाठी राखून ठेवा. नायकानं डोळे मिटल्यावर ती कुंभारकन्या म्हणू दे, 'त्यानं कात टाकली.'