इफिस एका दिवसात : वाचकांचे प्रश्न

तुर्कस्तानातलं प्राचीन रोमन शहर इफिस आणि त्याला लागून असलेल्या सेल्चुक गावातली धर्मस्थळं एका दिवसात कशी बघावीत, याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही निवडून इथे घेतले आहेत. मराठी बायबलमधलं 'इफिस' तिथल्या पाट्यांवर 'एफेस' म्हणून सापडेल.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आमच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) 26 जण यात्रेला निघालो आहोत. मुक्काम कुशादासीला, इफिससाठी एकच दिवस. कंपनीने दिलेला क्रम असा : साडेनऊला निघणं, चामड्याच्या वस्तूंचं दुकान, इफिस, जेवण आणि चार वाजता मरियामातेचं घर. हे ठीक आहे का? बरोबर फादर आहेत, तिथे मिस्सा (ख्रिस्ती उपासना) होईल का? (वसई)

उत्तर : क्रम उलटा करून घ्या आणि दुकान काढून टाका. कुशादासी हे मोठ्या प्रवासी जहाजांचं बंदर आहे. जहाजं लागली की साडेनऊच्या सुमारास बसांची रांग सुरू होते. इफिस ऐसपैस आहे, गर्दी पोटात घेतं. मरियामातेचं घर मात्र चिमुकलं आहे, तिथे दोन बसा एकदम आल्या तरी दारात रांग लागते आणि आत क्षणभर उभं राहायलाही मिळत नाही. म्हणून साडेसातला निघा आणि आधी बुलबुलदाग डोंगरावरच्या या घराकडे चढा. उतरताना इफिसचं वरचं फाटक वाटेतच लागतं, त्यामुळे वळसाही पडत नाही.

मिस्सेची व्यवस्था आधी पत्रव्यवहार करून ठरवावी लागते. स्थळाची देखभाल कॅपुचिन या कॅथलिक संन्यासी संघाच्या फादरांकडे आहे. फादर बरोबर असलेल्या गटांना बाहेरच्या वेदीवर वेळ मिळू शकते, पण आयत्या वेळी जाऊन मागाल तर हात हलवत परत याल. घरात फोटो काढू देत नाहीत. बाहेरच्या भिंतीवर एक लाल रेघ दिसेल. तिच्याखालचं बांधकाम जुनं, वरचं नंतर उभारलेलं. खाली झऱ्याचं पाणी आहे, रिकामी बाटली जवळ ठेवा. पलीकडच्या भिंतीवर कागद आणि चिंध्या बांधून लोक नवस बोलतात. त्यांत मुसलमान बायाही बऱ्याच असतात, कारण कुराणातही मरियमला मोठा मान आहे.

हे घर शोधलं गेलं ते जर्मन जोगीण (नन) ॲन कॅथरीन एमरिक यांच्या दर्शनांच्या वर्णनावरून, 1881 आणि मग 1891 मध्ये. सहावे पॉल (1967), दुसरे जॉन पॉल (1979) आणि सोळावे बेनेडिक्ट (2006) हे तीन पोप इथे येऊन गेले, तरी मरियामाता याच घरात राहिली असा निवाडा चर्चने दिलेला नाही. गाईड ठामपणे सांगेल, ते श्रद्धा म्हणून ऐकावं.

आता तुमच्या यादीत नसलेली, पण तुमच्या गटाने मुळीच चुकवू नये अशी जागा. इसवी सन 431 मध्ये इफिसची धर्मपरिषद भरली आणि मरियेला 'थिओटोकोस' म्हणजे देवमाता म्हणावं हे तिथे ठरलं. कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरियस याचं पद गेलं तेही तिथेच. या परिषदेशी जोडलेल्या मरियेच्या चर्चचे अवशेष खालच्या फाटकाच्या जवळ, मुख्य वाटेपासून जरा आत आहेत. रोमन काळातल्या सुमारे 260 मीटर लांबीच्या दालनातच हे चर्च बसवलेलं आहे. बस खालच्या फाटकावर उभी असते, सगळे उन्हाने दमलेले असतात, त्यामुळे दहातले आठ गट पाटीकडे न बघता सरळ बाहेर पडतात. एकदा बाहेर पडलात की त्याच तिकिटावर पुन्हा आत घेतीलच याचा भरवसा धरू नका. गाईडला सकाळीच बजावून ठेवा.

दिवसाची आखणी साधारण अशी होईल. 8 ते 9 मरियामातेचं घर. सव्वानऊला वरचं फाटक, तिथून उतरत उतरत बाराच्या आत नाट्यगृह, मग परिषदेचं चर्च. जेवण सेल्चुकमध्ये. दोननंतर संत योहानाची बॅसिलिका. सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात बांधलेल्या या चर्चमध्ये योहानाच्या कबरीची जागा चार खांबांनी दाखवली आहे. तिच्याच पायथ्याशी 1375 ची इसा बे मशीद. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळा. बायकांनी ओढणी जवळ ठेवावी.

दुकानाबद्दल : स्वस्त सहलीचा नफा चामडं आणि गालिचे यांच्या दलालीतून निघतो आणि त्या 'थांब्यात' तास-दीड तास सहज जातो. 'खरेदीचा थांबा नाही' हे शब्द पावतीवर लिहून घ्या. इफिसचं तिकीट, इफिसमधल्या उतारावरच्या रोमन घरांचं वेगळं तिकीट आणि मरियामातेच्या घराचं प्रवेशशुल्क यांतलं काय काय धरलंय हेही त्याच कागदावर हवं. मरियामातेच्या घरी सरकारी म्युझियम पास चालत नाही. 'सर्व समाविष्ट' म्हणणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो.

प्रश्न : आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर अर्धा-पाऊण तास चालते. तिला नेता येईल का? (ठाणे)

उत्तर : न्या, पण गटाच्या वाटेने नको. वरून खाली येणारा क्युरेटीस रस्ता हाच खरा धोका आहे. दोन हजार वर्षांत पावलांनी घासून त्यावरचा संगमरवर आरशासारखा झालाय, त्यात उतार. कोरड्या दिवशीही पाय सरकतो, पाऊस पडल्यावर तर विचारूच नका. तुमच्यासाठी खालचं फाटक : तिथूनच आत जा, नाट्यगृह खालूनच बघा (पायऱ्या चढायच्या नाहीत), मग संगमरवरी रस्त्याने सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत आणि त्याच वाटेने परत. ही वाट बरीचशी सपाट आहे. फरशांमध्ये खाचा आहेत, चाकाची खुर्ची अडकते, त्यापेक्षा काठी बरी.

पायात रबरी तळव्याचे बंद बूट. चामड्याच्या तळव्याची कोल्हापुरी इथे घालू नये, गुळगुळीत दगडावर ती घसरगुंडी होते. सावली जवळजवळ नाही आणि स्वच्छतागृहं फाटकांपाशीच आहेत, म्हणून आत शिरण्याआधी जाऊन घ्या.

प्रश्न : आम्हाला धर्मापेक्षा इतिहासात रस. उतारावरच्या घरांचं वेगळं तिकीट घ्यावं का? ग्रंथालयात काय बघावं? (पुणे)

उत्तर : घ्यावं. 2024 मध्ये इफिसचं 40 युरो आणि या घरांचं वर 15 युरो होतं. महाग आहे, पण बाहेर दिसतं ते सरकारी शहर, माणसांचं शहर इथे आहे. छपराखाली झाकलेली श्रीमंतांची घरं, रंगवलेल्या भिंती, जमिनीवर मोझॅक, जमिनीखालून गरम हवा खेळवायची सोय. भिंतींच्या गिलाव्यावर कुणीतरी खरडलेले बाजारहाटाचे हिशेब आहेत, ते दाखवायला गाईडला आवर्जून सांगा. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि एकदा आत शिरलं की पुढेच जावं लागतं. 45 मिनिटं धरा.

सेल्ससचं ग्रंथालय हे मुळात स्मारक आहे. रोमन अधिकारी सेल्सस याच्या मुलाने बापाच्या स्मरणार्थ ते दुसऱ्या शतकात बांधलं, आणि सेल्ससची शवपेटी इमारतीखालीच आहे. दर्शनी भिंत 1970 च्या दशकात ऑस्ट्रियन तज्ज्ञांनी पडलेले तुकडे जुळवून पुन्हा उभी केली. बाजूला दाटीवाटीने इमारती होत्या, म्हणून जोता मध्यभागी किंचित फुगीर ठेवून भिंत रुंद भासवली आहे. एका कडेला उभं राहून पायरीच्या रेषेवर नजर धरा, फुगवटा दिसतो. खालच्या चार कोनाड्यांतल्या स्त्रीमूर्ती नकला आहेत, अस्सल व्हिएन्नात. आणि पायऱ्यांपैकी एकीवर ज्यूंचा सात फांद्यांचा दीप कोरलाय. तळहातात मावेल एवढाच आहे, लोक त्यावरून चालत जातात.

संगमरवरी रस्त्यावर कोरलेलं पाऊल ही 'वेश्यागृहाची जाहिरात' असं प्रत्येक गाईड हसून सांगतो. त्याला भक्कम पुरावा नाही. ऐकून सोडून द्या.

प्रश्न : प्राचीन सात आश्चर्यांपैकी एक, अर्टेमिस या ग्रीक देवीचं मंदिर, कार्यक्रमात नाही. भांडावं का? (नाशिक)

उत्तर : भांडू नका. एक खांब आहे, तोही सापडलेल्या तुकड्यांवर तुकडे रचून उभा केलेला, वर बहुधा करकोच्याचं घरटं, भोवती पाणथळ. प्रवेश फुकट आहे, दहा मिनिटं पुरतात आणि सेल्चुकहून चालत जाता येतं. देवी बघायचीच तर सेल्चुकच्या संग्रहालयातल्या अर्टेमिसच्या दोन मूर्तींसाठी भांडा. मराठी बायबलमध्ये जिच्यासाठी चांदीचे कारागीर दंगा करतात, ती हीच. तो जमाव ज्या नाट्यगृहात घुसला तेही तुम्ही सकाळी बघितलेलं असेल.

प्रश्न : कंपनीशिवाय, इझमीर शहराहून स्वतः जायचंय. गाईड तिथेच घ्यावा का? आम्ही शाकाहारी आहोत. (डोंबिवली)

उत्तर : इझमीरच्या बासमाने स्थानकातून सेल्चुकला थेट गाडी आहे, साधारण दीड तास. सेल्चुकच्या बसस्थानकातून 'दोल्मुश' म्हणजे आपली वडाप खालच्या फाटकाला जाते. मरियामातेच्या घराला ती जात नाही, टॅक्सीच करावी लागते. ठरवताना 'घर, तिथे तासभर थांबणं, मग वरच्या फाटकाला सोडणं' एवढ्याचा एकच आकडा ठरवा. वरून शिरून खाली बाहेर पडलात की परतीची दोल्मुश तिथेच मिळते. उलटं केलंत तर दुपारच्या उन्हात चढ.

फाटकावर गाईड मिळतात. तुर्कस्तानात परवाना असलेल्यांनाच हे काम करता येतं आणि ओळखपत्र गळ्यात असावं लागतं. ते बघा, किती तास आणि कोणती ठिकाणं हे आधी बोला.

जेवणात गोझ्लेमे, म्हणजे पालक किंवा चीज भरलेली पातळ पोळी, आणि आयरान, म्हणजे मीठ घातलेलं ताक, निर्धास्त घ्या. मसुराच्या सूपमध्ये कधीकधी मांसाचा रस्सा असतो. 'एतसिझ', म्हणजे मांसाविना, हा शब्द पाठ करून जा.

फाटकाबाहेर कुणी खिशातून 'जुनं रोमन नाणं' काढून दाखवेल. नकली असेल तर पैसे बुडाले, आणि अस्सल असेल तर विमानतळावर पोलीस. जमिनीवरचा खडा किंवा संगमरवराचा तुकडा आठवण म्हणून उचलण्यालाही हाच कायदा लागू होतो. मुलांच्या सॅक निघण्याआधी एकदा तपासून घ्या.