मिशनच्या कामासाठी परदेशी गेलेल्यांना भेटलेली लक्षात राहण्याजोगी माणसं कोणती?

तुम्ही विचारलंय की ख्रिस्ती मिशनचं काम करायला परदेशी गेलेल्या लोकांना तिथं भेटलेली, कायम लक्षात राहावीत अशी माणसं कोणती. या प्रश्नाला बहुधा राजे, दिवाण किंवा धर्म बदललेले नामवंत अशी उत्तरं येतात. माझ्या यादीत सगळ्यात वर एक लोहार आहे, त्याच्याखाली त्याचा जावई, आणि मग एक मराठी पंडित. या तिघांपैकी पहिल्या दोघांनी हातात कानस धरली नसती, तर छापील मराठीची सुरुवात वेगळीच झाली असती, असं मला वाटतं.

लोहाराचं नाव पंचानन कर्मकार. बंगालीत कर्मकार म्हणजे लोहारच. इंग्लंडहून आलेल्या विल्यम केरींनी जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड यांच्यासह १८०० साली हुगळीकाठच्या श्रीरामपुरात मिशन काढलं, तेव्हा हा माणूस त्यांना मिळाला. (हे बंगालमधलं श्रीरामपूर, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यातलं, आपलं साखर कारखान्यांचं नव्हे.) त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीतल्या चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली त्यानं छापायच्या बंगाली अक्षरांचं काम केलं होतं. १७७८ साली हुगळीत छापलेलं हॅलहेडचं बंगाली व्याकरण त्याच अक्षरांत आहे.

अशा माणसाची किंमत कळायला गोव्यात मागं जावं लागतं. तिथले इंग्रज जेझुइट मिशनरी फादर टॉमस स्टीफन्स १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहितात की इथल्या भाषेत, इथल्याच लिपीत पुस्तकं छापावीत अशी माझी फार वर्षांची इच्छा आहे. पण युरोपात अक्षरांचे २४ साचे पुरतात, इथं सुमारे ६०० लागतील, ते अशक्य वाटतं. शेवटी १६१६ साली गोव्यातल्याच राशोलला छापलेलं त्यांचं क्रिस्तपुराण रोमन लिपीत निघालं. भाषा मराठी, अक्षरं परकी. छपाईयंत्र गोव्यात १५५६ पासून होतं. उणीव होती ती सहाशे साचे पाडून देणाऱ्या हाताची.

आकडा सहाशेवर का जातो? मूळ व्यंजनं चौतीस. त्यांतली बरीचशी काना काढून अर्धी होतात, त्यांचे वेगळे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं. रफार, क्र-प्र-ट्र मधला र, रु-रू, द्य-द्ध-द्व, क्त, त्त, श्र, ह्म ही सगळी स्वतंत्र. मग उकार आणि वेलांट्या: रुंद अक्षराला मोठी वेलांटी, अरुंदाला लहान. श्रीरामपूरच्या देवनागरी संचाला सुमारे ७०० पंच, म्हणजे साचा पाडायचे पोलादी ठसे, लागले. निम्मे झाले असताना पंचानन वारला. सराईत हाताला एका पंचाला एक दिवस धरला, तरी सातशे पंच म्हणजे सुट्ट्या वगळून दोन वर्षांहून जास्त काम.

तो दिवस कशात जातो ते सांगतो, कारण या माणसांची थोरवी तिथंच दिसते. पोलादाची बोटभर लांब चौकोनी कांडी घ्यायची, लाल तापवून राखेत हळूहळू गार होऊ द्यायची, म्हणजे ती कोरण्याइतकी मऊ पडते. टोक घासून सपाट करायचं. त्यावर अक्षर उलटं आखायचं. अक्षराच्या पोटातली पोकळी, म्हणजे ‘व’चं पोट किंवा ‘म’ची गाठ, कोरणीनं नीट येत नाही, त्यासाठी आधी दुसरा बारीक पंच करून तो ठोकतात. बाहेरची कड कानशीनं. मधूनमधून टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायचं आणि काजळी बसली की किंचित ओल्या कागदावर दाबायचं. उमटतं ते हुबेहूब छापल्यावर दिसणारं अक्षर. चूक असेल तर इथपर्यंतच सुधारता येते, आणि तीही जाड रेघ बारीक करण्यापुरती. बारीक झालेली रेघ पुन्हा जाड होत नाही; टोक सगळं घासून पहिल्यापासून सुरुवात.

मग पोलादाला पाणी द्यायचं: लालबुंद करून बुडवायचं आणि नंतर पुन्हा हलकं तापवून कडकपणा थोडा उतरवायचा. ही दुसरी पायरी गाळली तर पोलाद काचेसारखं ठिसूळ राहतं आणि ठोकताना नेमका वेलांटीचा शेंडा उडतो. तयार पंच तांब्याच्या पट्टीत ठोकला की साचा मिळतो, त्याला मातृका म्हणतात. ठोक बसल्यावर तांबं बाजूंनी फुगतं. ते घासून काढायचं आणि सातशेच्या सातशे मातृकांची खोली सारखी करायची. एखादी जास्त खोल राहिली तर तो खिळा उंच होतो: छापताना तेवढंच अक्षर काळंकुट्ट उठतं, कागदाला भोकही पाडतं आणि शेजारची अक्षरं फिकी पडतात.

ओतायचा धातू म्हणजे शंभर भागांत साधारण सत्तर शिसं, वीस-पंचवीस अँटिमनी, बाकी कथील. नुसतं शिसं दाबाखाली चेपतं आणि गार होताना आकसतं. अँटिमनीनं ते कडक होतं आणि आकसणं कमी होतं. ओतण्याचा हातसाचा दोन अर्ध्या भागांचा, बाहेरून लाकडात बसवलेला, कारण धातूचा हातात धरवणार नाही. पळीनं धातू ओतता क्षणीच साच्याला वर झटका द्यायचा, म्हणजे तो कोपऱ्यांत शिरतो. धातू थंड असेल तर अक्षराच्या कडा बोथट येतात. फार तापला असेल तर आत पोकळी राहते. खिळा दिसतो चांगला आणि दाबाखाली खचतो. साचा उघडला की शेपूट मोडायचं आणि दोन्ही बाजू दगडावर घासायच्या.

देवनागरीत सगळ्यात जास्त रडवते ती शिरोरेषा. रोमन अक्षरं सुटी उभी राहतात, आजूबाजूला थोडी जागा असली तरी चालते. आपली अक्षरं डोक्यावर एकमेकांना टेकायला हवीत. म्हणजे रेघ खिळ्याच्या अगदी कडेपर्यंत जायला हवी आणि कड इतकी साफ की केसभरही फट नको. घासताना बाजूला किंचित धातू राहिला तर रेघ तुटते. मातृका थोडी तिरकी बसली तर शिरोरेषा जिन्यासारखी वरखाली जाते. दुसरी अडचण मात्रांची. रफार, मात्रा, वेलांटीची कमान शेजारच्या अक्षराच्या डोक्यावर जायला हवी, म्हणून तो भाग खिळ्याच्या बाहेर लोंबता ओततात. त्याच्या खाली आधार नसतो. फर्मा, म्हणजे पानाचे जुळवलेले खिळे, चौकटीत आवळताना किंवा छापून झाल्यावर शाई धुताना ब्रश जोरात लागला की तो मोडतो.

पंचाननचा जावई मनोहर यानं हे काम पुढं चाळीस वर्षं चालवलं. देवनागरी संच त्यानं पुरा केलाच, शिवाय मिशनला लागणाऱ्या अनेक लिप्यांचे खिळे पाडले, चिनीसुद्धा. खर्चाचा त्या काळचा हिशेब असा सांगतात की लंडनच्या ओतणाऱ्यांनी निम्म्या नागरी संचाला ७०० पौंडांच्या खाली काम केलं नसतं. श्रीरामपुरात तो सुमारे १०० पौंडांत झाला.

पण मनोहर माझ्या लक्षात राहिला तो दुसऱ्याच कारणानं. १८३९ साली जेम्स केनेडी नावाच्या मिशनऱ्यानं त्याला पाहिलं, ते वर्णन असं: मनोहर उकिडवा बसून बायबलचे खिळे ओततोय आणि त्याच्या डोक्यावर त्याच्या आवडत्या देवाची मूर्ती आहे. त्या देवाच्या छत्राखालीच तो काम करणार, एरवी नाही. मूर्तिपूजेविरुद्ध रोज बोलणाऱ्या मिशननं हे चाळीस वर्षं चालू दिलं आणि त्यानंही परक्या धर्मग्रंथाची अक्षरं तितक्याच निगुतीनं पाडली. विश्वकर्म्याला हत्यारं दाखवून मगच काम सुरू करणारे कारागीर आपल्याकडेही आहेत. त्यांना यात नवल वाटणार नाही. मला मात्र या दोन्ही बाजूंबद्दल मनापासून आदर वाटतो.

या कामाची खरी कसोटी लागली ती ११ मार्च १८१२ ला. त्या संध्याकाळी श्रीरामपूरचा छापखाना जळाला. कागद गेला, केरींची हस्तलिखितं गेली, त्यांत अनेक भाषांच्या एकत्र शब्दकोशाचाही मजकूर होता. खिळे वितळून धातूचा गोळा झाला. पण राखेत पोलादी पंच सापडले. आगीच्या तापानं शिसं पातळ होतं, पोलाद नाही. त्याचं पाणी उतरलं तरी पुन्हा देता येतं. वितळलेला धातू तसाच भट्टीत घालून कारागिरांनी लगेच नव्यानं ओतायला घेतलं आणि काही महिन्यांत एकेका लिपीची छपाई परत सुरू झाली. पंच वाचले म्हणजे लिपी वाचली, असाच याचा अर्थ.

तिसरे, पंडित वैजनाथ. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीचे मुख्य पंडित होते आणि केरी तिथं भाषा शिकवायचे. केरींचं मराठी व्याकरण १८०५ साली देवनागरीत निघालं, मराठी कोश १८१० साली मोडीत. दोन्हीमागं वैजनाथांचं ज्ञान आहे. पंडिताचं काम नुसतं शब्दाला शब्द देणं नसतं. हा शब्द बोलण्यातला की पोथीतला, इथं ‘तू’ चालेल की ‘आपण’, क्रियापदाचं हे रूप आमच्याकडं आहे का, हे त्याला सांगावं लागतं. आणि यात चूकही होते ती याच जागी. शेकडो कोसांवर बसून एका गटाच्या बोलीवरून भाषांतर केलं की दुसऱ्या मुलखात ते अडखळतं. श्रीरामपूरचं मराठी बायबल मुंबई-कोकणाकडं नीट चाललं नाही, तेव्हा मुंबईच्या अमेरिकन मिशननं नव्या कराराचं, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागाचं, भाषांतर पुन्हा वेगळं केलं. ते १८२६ साली पुरं झालं.

मुंबईची कथा मोठी आहे, थोडक्यात सांगतो. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली आले. १८१७ पासून त्यांचा छापखाना मराठी छापू लागला, पहिले खिळे कलकत्त्याहून आणून. पुढं टॉमस ग्रॅहॅम यानं तिथंच राहून देवनागरीचे नवे, जास्त सुबक पंच पाडले. त्या छापखान्यात शिकून गेलेले गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली शिळाछापावर, म्हणजे दगडावरून, पंचांग छापलं. छापाच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसं छापील पोथीला हात लावत नसत. तेव्हा त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगतात. आणि जावजी दादाजी, जन्म १८३९, दहाएक वर्षांचे असताना त्याच छापखान्यात महिना दोन रुपयांवर खिळे घासायला लागले. वर सांगितलं ते दगडावर घासण्याचं, शिरोरेषेची फट मिटवण्याचं काम. १८६४ साली त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली, १८६९ साली निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरच्या संस्कृत पुस्तकांतली शिरोरेषा एकदा मुद्दाम पाहा. पानभर ओळीत कुठं अडखळत नाही.

हे सगळं डोळ्यांनी पाहायचं असेल तर खिळ्यांवर छापलेलं कुठलंही जुनं मराठी पुस्तक आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरे. पान खिडकीपाशी आडव्या उजेडात धरा. दाबाचे खड्डे दिसतील; काही अक्षरं जास्त खोल गेलेली असतील, ती उंच खिळ्यांची. दोन अक्षरांमधल्या शिरोरेषेत पांढरी फट शोधा. मग एकच अक्षर, समजा ‘र्व’, पहिल्या आणि शेवटच्या पानांवर ताडून पाहा. सुरुवातीला रफार पुरता असतो, पुढं कुठंतरी नुसता ठिपका उरतो आणि शेवटी ‘पूर्व’चा ‘पूव’ झालेला सापडतो.