पट्टी बदलण्यासाठी ट्रान्सपोझिंग ट्रेमोलोची हेडलेस (टोकाला खुंट्यांचं डोकं नसलेली) गिटार घ्यावी का? (रत्नागिरी, ऑर्केस्ट्रा)

फक्त गायकाच्या पट्टीसाठी घेत असाल तर नको, कॅपो (गिटारच्या मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारी पकड) पुरेल. पण अख्खी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) सुरात राहून खाली-वर सरकलेली हवी असेल तर याला पर्याय जवळजवळ नाही. साध्या ट्रेमोलोत (दांड्याने तारांची ओढ बदलणारी यंत्रणा) दांडा दाबला की प्रत्येक तार वेगवेगळी उतरते आणि कॉर्ड बेसूर होते. हेडलेस गिटारचा रचनाकार नेड स्टाइनबर्गरच्या ट्रान्सट्रेम या ट्रान्सपोझिंग ट्रेमोलोमध्ये (1980च्या दशकातली रचना) प्रत्येक तारेची ओढ अशी मोजून ठेवलेली असते की सगळ्या तारा सारख्याच अंतराने सरकतात, शिवाय ठरावीक जागी दांडा लॉक होतो. म्हणजे ई वरून डी वर उतरून तिथेच गाणं वाजवता येतं. कॅपोने खाली जाता येत नाही, एवढा फायदा खरा.

मी मालवणात ऑर्केस्ट्रात वाजवतो, आणि माझ्या मते खरी अडचण तारांची आहे. दोन्ही टोकांना बॉल (तार अडकवायची धातूची गोळी) असलेल्या, त्यातही लांबी काटेकोर असलेल्या कॅलिब्रेटेड तारा लागतात. साध्या डबल-बॉल तारांवर गिटार वाजते, पण लॉकच्या जागा सुरात बसत नाहीत. आपल्याकडे खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, आणि या काही बाजारपेठेतल्या दुकानात लटकलेल्या नसतात. दोन-तीन सेट आधी मागवा, मगच गिटार. जुनी घेत असाल तर:

- प्रत्येक जागी लॉक करून ट्यूनरवर सहाही तारा तपासा
- ब्रिजचे (बॉडीवर तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू, स्प्रिंग गंजलेत का ते पाहा

ग्राफाइटच्या बॉडीला मात्र पावसाळ्याचं काही वाटत नाही. लाकडी असेल तर ती गोष्ट वेगळी.